वाडवडिलांचें गांव

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपली एक जुनी म्हण आहे. म्हणींतील सावधगिरी खोटी नाहीं. पुरांत दोन्ही थड्या बुडविणारी गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर पाहावी, तर ओंजळीनें मोजावें इतकेंच पाणी दिसतें; आणि ज्या घराण्याच्या थोरवीच्या गोष्टी नातवंडांना सांगितल्या जातात, त्याच्या मूळ गांवीं जावें, तर पुष्कळदां एक ढासळलेली भिंत, एक बुजलेली विहीर आणि नांव न आठवणारे चार शेजारी एवढेंच हातीं लागतें. तरीहि माणसें जातात. सुटी लागली कीं, नवरात्र आलें कीं, घरांत लग्न ठरलें कीं जातात. आणि जातांना त्यांच्या मनांत प्रश्न बहुधा एकच असतो: आपण मूळचे कोठले?

परभणी जिल्ह्यांत गंगाखेड तालुक्यांत राणीसावरगांव म्हणून एक गांव आहे. गोदावरीच्या दक्षिणेस असलेल्या या गांवीं रेणुकादेवीचें देऊळ आहे. देवीच्या दर्शनास येणाऱ्यांत आसपासच्या खेड्यांतील लोक असतात, तसे ज्यांचें घर आज येथें नाहीं, आजोबांचें किंवा पणजोबांचें होतें, असेहि कोणी असतात. दर्शन झालें, ओटी भरली, म्हणजे असा मनुष्य पारावर बसलेल्या एखाद्या वृद्धास विचारतो, "आमचे पणजोबा येथलेच. त्यांचें घर कोणत्या आळींत होतें?" प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र सोपें नाहीं. तें कसें शोधावें, कोठें शोधावें, आणि सांपडल्यावर काय करावें, याचा थोडा विचार करणें उपयोगाचें होईल.

शोधाचें पहिलें साधन प्रत्येकाजवळ जन्मापासून असतें. तें म्हणजे आडनांव. गांवाच्या नांवास 'कर' लावून आडनांव करण्याची आपली रीत फार जुनी आहे. पण असें आडनांव कोठें तयार होतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे. सावरगांवांत राहणाऱ्यास सावरगांवकर कोणी म्हणत नाहीं. तेथें सगळेच सावरगांवचे. तो परभणीस, नांदेडास किंवा हैदराबादेस जाऊन राहतो, तेव्हां तेथील लोक त्यास त्याच्या गांवावरून ओळखूं लागतात. म्हणजे 'कर' हा प्रत्यय जसा गांवाची खूण आहे, तसा गांव सोडल्याचाहि पुरावा आहे. गंगाखेडकर, सेलूकर, जिंतूरकर, पाथ्रीकर, मानवतकर या प्रत्येक आडनांवांत कोणाचा तरी एक प्रवास सांठविलेला आहे.

यांत एक अडचण आहे. सावरगांव, पिंपळगांव, वडगांव, पिंपरी हीं नांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, नुसत्या नांवावरून निघालेला मनुष्य भलत्याच वेशींत जाऊन उभा राहावयाचा. जुन्या कागदांत गांवाबरोबर परगण्याचें नांव लिहीत, तें याचसाठीं. राणीसावरगांवाच्या नांवांत 'राणी' हा शब्द आहे, म्हणून या गांवाचा वंशज इतर सावरगांवांच्या वंशजांपेक्षां भाग्यवान म्हणावयाचा. कुलकर्णी, देशपांडे, जोशी, सुतार अशीं आडनांवें धंदा किंवा वतन सांगतात, गांव सांगत नाहींत. त्या घराण्यांस दुसरीं साधनें शोधावीं लागतात.

दुसरें साधन कुलदैवताचें. घर सुटतें, शेत सुटतें, भाषेचा ढंगहि बदलतो. परंतु लग्नानंतर जोडप्यानें ज्या देवीच्या पायां पडावयाचें, ती देवी सहसा बदलत नाहीं. मराठवाडा आणि वऱ्हाड यांतील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी माहूरची रेणुका आहे. तुळजापुरची भवानी, कोल्हापुरची महालक्ष्मी आणि सप्तशृंगी यांसह ती साडेतीन पीठांत गणली जाते. मुख्य पीठ दूर पडतें म्हणून गांवोगांव त्याच देवीचीं लहान स्थानें झालीं आणि तेथें कुळाचार चालूं लागला. एखाद्या कुटुंबांत 'माहूरची देवी, पण नवस अमुक गांवीं फेडावयाचा' अशी चाल असेल, तर त्या अमुक गांवाची चौकशी अवश्य करावी. मूळ गांवाची आठवण बुजली तरी नवसाची वाट बुजत नाहीं.

गोमंतकांत तर देवांनींच स्थलांतर केलें. पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५६० सालीं कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळ येथें नेण्यांत आला, आणि त्याच सुमारास केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. त्या वेळीं हा फोंड्याचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यांत नव्हता. भक्त कानडांत, केरळांत, कोंकणांत पांगले. परंतु त्यांचे वंशज आजहि मंगेशीस व कवळ्यास येतात. देवानें जें गांव सोडलें तें एक, आणि ज्या गांवीं तो राहिला तें दुसरें. वंशजाचें मूळ गांव कोणतें म्हणावें? उत्तर असें कीं, दोन्ही. नटश्रेष्ठ व गायक दीनानाथ मंगेशकर यांचें आडनांव या दुसऱ्या गांवावरून, मंगेशीवरून, आलेलें आहे, आणि तें आज जगभर ऐकूं जातें.

तिसरें साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया या क्षेत्रीं यात्रेकरूंचीं नांवें लिहून ठेवण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्राद्धकर्मास आलेला मनुष्य आपलें, बापाचें, आजाचें व भावांचें नांव तेथें लिहवितो आणि खालीं सही करतो. या वह्या गांववार लावलेल्या असतात, म्हणून उपाध्याय आधीं गांव विचारतो आणि मग आडनांव. पणजोबांची स्वतःच्या हातची मोडी सही अशा बाडांत एकाएकीं समोर यावी, याहून मोठा प्रसाद कोणता? दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी लोकांची परंपरा आहे. ते बैलावर बसून गांवोगांव येतात, ठराविक घरांपुढें उभे राहून त्या घराची वंशावळ म्हणतात, आणि सुगीचें धान्य घेऊन पुढें जातात.

चौथें साधन सरकारी दप्तर. मराठवाड्यापुरता याचा विचार निराळा करावा लागतो, कारण हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या वर्षीं १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. राज्यें बदललीं तसे कागदांचे मालक बदलले. संस्थानांत वरच्या कचेऱ्यांचा कारभार प्रथम फार्सींत व पुढें उर्दूंत चाले, तर गांवचा पटवारी आपला हिशेब पुष्कळ ठिकाणीं मोडी मराठींत ठेवी. म्हणून एकाच शेताचा एक कागद उर्दूंत आणि दुसरा मोडींत सांपडूं शकतो, आणि वंशजास मात्र दोहोंपैकीं एकहि लिपि वाचतां येत नाहीं.

शिवाय वर्षें फसली सनाचीं असतात. ज्यास ही गोष्ट माहीत नाहीं, तो '१३५८' हा आंकडा पाहून आपले पूर्वज देवगिरीच्या पाडावानंतर थोड्याच वर्षांनीं खातेदार होते असें समजून हर्षित होतो. हैदराबादच्या फसली सनांत साधारणपणें ५९० मिळविले असतां इसवी सन मिळतो. १३५८ फसली हें वर्ष १९४८ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. त्याचे महिनेहि आजूर, दय, बहमन असे इराणी नांवांचे असत. एवढी किल्ली हातीं असली कीं पुष्कळ कुलुपें उघडतात.

आतां प्रत्यक्ष कोणते कागद पाहावे? जमीन असेल तर सातबारा व त्यामागचे फेरफार पाहावे. फेरफारांत 'मयत अमुक, वारस अमुक' अशी नोंद असते आणि ती मागें मागें वाचीत गेल्यास वंशावळच तयार होते. त्याहून जुनें पाहावयाचें तर तहसील कचेरींत खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि सेतवार मागावें. शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर तर फारच मोलाचें. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख, जात, आणि शाळा कां सोडली हें कारण, इतकें एका ओळींत असतें. 'कुटुंब परगांवीं गेलें' असे तीन शब्द शेऱ्याच्या रकान्यांत कोणा शिक्षकानें लिहिलेले असतात, आणि घराण्याच्या इतिहासांतील एक सबंध प्रकरण त्या तीन शब्दांत असतें. जिल्ह्यांच्या सीमाहि ध्यानांत ठेवाव्या. हिंगोली १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वीं संत नामदेवांचें नर्सी हें गांवहि परभणी जिल्ह्यांतच लिहिलें जाई.

या कागदांचें महत्त्व केवळ हौसेपुरतें राहिलेलें नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, तेव्हां गांवोगांव जुनीं बासनें उघडलीं गेलीं आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली. ज्या कागदास काल वाळवी लागत होती, त्याच्या एका ओळीवर आज मुलांचें शिक्षण व नोकरी यांचा हक्क ठरूं लागला. त्या ओळी वाचणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत, ही गोष्ट पुष्कळांना तेव्हांच प्रथम कळली.

परंतु दप्तराचा एक मोठा दोष आहे. ज्याच्याजवळ जमीन, वतन किंवा अधिकार, त्याचेंच नांव तें लिहितें. बलुतेदार, शेतमजूर, गांवकुसाबाहेर राहावें लागलेलीं कुटुंबें यांचें नांव त्यांत क्वचितच येतें. या घराण्यांचा शोध कागदापेक्षां माणसांत करावा लागतो. कोणाची विहीर कोणी खणली, कोणत्या वाड्याचें लाकूडकाम कोणाच्या हातचें, मोहरमचा डोला कोण उचली, देवीच्या पालखीपुढें हलगी कोणाची वाजे, हें गांवांतील म्हातारीं माणसें सांगूं शकतात. ज्याच्या आज्यानें वेशीचा दरवाजा घडविला, त्याचा गांवावरचा हक्क ज्याच्या आज्यानें त्या दरवाज्यांतून मेणा आणला त्याच्याहून कमी कसा?

तशीच गोष्ट स्त्रियांची. वंशावळीच्या झाडाला मुलगे लागतात. सुना व लेकी लागत नाहींत. वस्तुतः प्रत्येकाच्या पणज्याहि पणज्यांइतक्याच असतात आणि त्यांचीं माहेरें निराळ्याच गांवीं असतात. 'आजीचें माहेर कोणतें?' हा प्रश्न घरांत कोणी विचारीत नाहीं, आणि एका पिढींत तें गांव कायमचें हरवतें. स्त्रियांनीं आपल्या परीनें नोंद ठेविली ती जात्यावरच्या ओव्यांत. माहेरचें गांव, वाटेवरची नदी, भावाचें नांव हें सर्व त्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रांतील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. दळतां कांडतां गाणाऱ्या जनाबाईचें गांव गंगाखेड, राणीसावरगांवाच्याच तालुक्याचें ठिकाण. लहानपणींच ती पंढरपुरास नामदेवांच्या घरीं गेली, आणि तरीहि आज गंगाखेड तिच्या नांवानें ओळखलें जातें. गांव सोडून गेलेल्या एका दासीनें गांवाला एवढें नांव मिळवून दिलें, हें वंशावळी लिहिणाऱ्यांनीं विसरूं नये.

एवढी सामग्री जमली म्हणजे मूळ प्रश्नाचा अर्थच बदलतो. आपण कोठले, याहून पूर्वज तेथून कां निघाले, हें विचारणें अधिक फळ देतें. मराठवाड्यांत या प्रश्नाचीं उत्तरें फार करून चार-पांच आहेत. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० हे मोठे दुष्काळ; १९७२ चा दुष्काळ, ज्यानें गांवेंच्या गांवें खडी फोडावयास रस्त्यावर आणलीं आणि पुष्कळांना पुण्यामुंबईकडे नेलें. १९४७-४८ चे अशांत दिवस, जेव्हां रझाकारांच्या भयानें कित्येक कुटुंबें वऱ्हाडांत, नगरांत, सोलापुरांत आश्रयास गेलीं. आणि संस्थान शरण आल्यानंतर मराठवाड्यांतील कित्येक मुसलमान कुटुंबांसहि भयानें घरदार सोडावें लागलें. त्यांच्या नातवांचेंहि मूळ गांव हेंच. १९४९ सालीं जहागिऱ्या संपल्या आणि १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा आला, तेव्हां कोणाची जमीन गेली, कोणाला मिळाली. याशिवाय शिक्षण, नोकरी आणि भाऊबंदकी हीं सर्वकाळचीं कारणें आहेतच. पूर्वज निघाला तो बहुधा हौसेनें नव्हे. उपाशी निघाला, भ्याला म्हणून निघाला, किंवा मुलानें शिकावें म्हणून निघाला. हें कळल्यावर वंशज आपल्या थोरवीच्या कथा थोड्या आवरून सांगूं लागतो, आणि शहरांत आज दारीं आलेल्या परगांवच्या मजुराकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतो.

प्रत्यक्ष गांवीं गेल्यावर कसें वागावें, हाहि एक विचार आहे. परका मनुष्य येऊन 'येथें आमचा वाडा होता, ही जमीन आमची होती' असें म्हणूं लागला, तर आज त्या घरांत राहणाऱ्याच्या व ती जमीन कसणाऱ्याच्या मनांत पहिली शंका दाव्याची येते. ती वावगी नाहीं. खेड्यांतील अर्धीं भांडणें जमिनीचींच असतात. म्हणून आरंभींच स्वच्छ सांगावें कीं, मागावयास कांहीं आलों नाहीं, पाहावयास आलों आहों. हें एकदां पटलें कीं त्याच घरांतून पाण्याचा तांब्या येतो, चहा येतो, आणि माळ्यावरची जुनी पेटीहि खालीं येते. तलाठ्याच्या कचेरींत जाण्यापूर्वीं पारावर बसावें. एका म्हाताऱ्यास न विचारतां तिघांना निरनिराळें विचारावें, आणि तिघांच्या सांगण्यांत जें समान असेल तें खरें मानून बाकीचें गोष्ट म्हणून लिहून घ्यावें. वेस, चावडी, बारव, मारुतीचें देऊळ, स्मशान हीं आवर्जून पाहावीं. घर पडलें तरी ज्या बारवेचें पाणी पूर्वज प्याले, ती बहुधा जागेवर असते.

समुद्रापलीकडे गेलेल्यांनाहि हीच ओढ आहे. एकोणिसाव्या शतकांत कोंकण व देश येथून मराठी मजूर करारावर मॉरिशस बेटांत ऊंसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलेले आहेत. त्यांवरील गांवाचें नांव परक्या कारकुनानें कानाला लागलें तसें लिहिलेलें असल्यामुळें वंशजास तें ओळखणें कठीण जातें, तरी ते शोधीत येतात. कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल लोक तर गांवाच्या नांवानेंच ओळखले जात: किहीमचे ते केहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलांत गेले. परंतु पूर्वज जेथें किनाऱ्यास लागले असें ते मानतात, त्या नवगांवच्या जुन्या दफनभूमीकडे त्यांचे वंशज आजहि येतात. तेल टिपणारें जुनें कौल आणि नारळीची वाडी पाहून परत जातांना ते आपल्या आडनांवाचा उच्चार नीट शिकून जातात.

आणि शेवटीं, आलेल्यानें गांवास काय द्यावें? देवळास देणगी देणें चांगलें. परंतु त्याहून टिकाऊ असें एक देणें आहे. जें जें सांपडलें, तें शुद्ध मराठींत लिहून काढावें, मोडी व उर्दू कागदांचे वाचन जोडावें, कोणी काय सांगितलें त्यांचीं नांवें घालावीं, आणि त्याची एक प्रत गांवच्या शाळेंत ठेवावी. त्यांत आपल्याच घराण्याची थोरवी न लिहितां शेजाऱ्याचीं, बलुतेदारांचीं, सुना-लेकींचीं नांवेंहि लिहावीं. कारण उद्यां त्यांचाहि नातू येईल.

तो येणार हें निश्चित आहे. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील खेड्यांतून ऊंसतोडीसाठीं बिऱ्हाडें निघतात. तरुण मुलें पुण्याच्या कारखान्यांकडे जातात आणि पुष्कळदां परत येत नाहींत. आजच्या या जाणाऱ्यांपैकींच कोणी उद्यांच्या शोधकाचा पणजोबा आहे. त्याचें नांव, त्याच्या बायकोचें माहेर, तो कोणत्या सालीं आणि कां गेला, हें आज शाळेच्या एका वहींत चार ओळींत लिहून ठेवणें हें फार थोड्या श्रमाचें काम आहे. तीं चार ओळी नसल्या तर शंभर वर्षांनीं एक मनुष्य देवीचें दर्शन घेऊन पारावर येईल, विचारील, आणि उत्तर देणारा तेथें कोणी नसेल.